'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' : हसायचं की रडायचं?

रिकामटेकडा :
नेटफ्लिक्सवर ही बायकांच्या तुरुंगावरची अमेरिकन मालिका लावलीय. आईसोबत बसलो होतो, पहिल्या पाच मिनिटांत रिमोट शोधायची वेळ आली. 😅 आता एकटाच बघतोय. विनोदी समजायची की गंभीर? ती नायिका पायपर तर फार डोक्यात जाते. सातही सीझन बघण्यासारखे आहेत का?

लोकलकर :
एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्कारवाल्यांचाही हाच गोंधळ होता. २०१४ ला कॉमेडी, २०१५ ला भाग अर्ध्या तासाहून लांब म्हणून ड्रामा! उझो अडुबा या अभिनेत्रीने सुझॅन या कैदी बाईच्याच भूमिकेवर दोन्हीकडे बक्षीस मारलं.

मेसवाली मावशी :
पायपर डोक्यात जाणारच रे. ती फक्त आपल्याला आत घेऊन जाते, खरी मजा बाकीच्या बायकांची. मी मुलींच्या होस्टेलची मेस चालवलीय, त्यामुळे माझं सगळं लक्ष रेडच्या, म्हणजे तुरुंगातलं जेवण सांभाळणाऱ्या कैदी बाईच्या, स्वयंपाकघरावर. पायपर कोण समोर बसलंय हे न बघता जेवणाला नावं ठेवते आणि रेड तिला सरळ उपाशी ठेवते. ओरडा नाही, मारामारी नाही, नुसतं ताट रिकामं. ज्याच्या हातात डाव त्याची सत्ता, हे मेसमध्ये रोज दिसतं. मग पायपर मिरची नि कोको बटरचा मलम करून रेडच्या दुखऱ्या पाठीसाठी नेते, तेव्हा कुठे बाई विरघळतात. आता हे विनोदी म्हण नाहीतर भयानक. मी हसले, पण पोटात कालवलंही.

तिसऱ्या सीझनमध्ये तुरुंग खासगी कंपनीकडे जातो आणि शिजवणंच बंद, पिशवीतला तयार लगदा गरम करून वाढायचा. तिथे माझा जीव तुटला. पुढे जे काही बिघडत जातं त्याचं मूळ याच काटकसरीत आहे. चौथा सीझन त्यामुळेच सगळ्यात जबरदस्त. काय होतं ते सांगत नाही, रुमाल घेऊन बस.

रिकामटेकडा :
मावशी, पाचवा गाळला तर चालेल?

मेसवाली मावशी :
गाळू नको, पळव. तीन दिवसांची दंगल तेरा भाग ताणलीय. सातवा मात्र नीट बघ, परदेशातून आलेल्या बायकांना हद्दपारीसाठी डांबतात तो भाग. आणि हो, सुरुवातीचं गाणं स्किप करू नकोस. त्यातले डोळे नि ओठ खरोखर तुरुंगात राहून आलेल्या बायकांचे आहेत.