विषय: शिवजयंतीचं नाटक – चिलखतं कुठून आणायची?

प्रेषक: केतकी (नाटक समिती)

नमस्कार मंडळी,

यंदा शिवजयंतीला प्रतापगडचा प्रवेश करायचा, हे नक्की झालंय. (19 फेब्रुवारी आठवड्याच्या मध्येच येतेय. तारीख की तिथी हा वाद न घालता आपण नेहमीप्रमाणे शनिवार साजरा करू.) अंगरखे, शेले, मंदिल सगळं आहे, पेट्या माझ्याच गराजमध्ये पडल्यात. चिलखत मात्र एकही नाही. महाराज, खान, सय्यद बंडा, दोन हशम (शिपाई) आणि वर बच्चेकंपनीचे मावळे. ऑनलाइन जे मिळतं ते घालून आपला जिवा महाला थेट रोमहून आल्यासारखा दिसेल.

मिलिंद, तू अजून पुण्यात आहेस ना? तिकडून काही भाड्याने किंवा विकत आणता येईल का?

केतकी

---

प्रेषक: मिलिंद

केतकी,

चौकशी केली. भाड्याने देणारे देशाबाहेर न्यायला देत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. विकतचं आहे ते चकचकीत सोनेरी प्लॅस्टिक, एकाच मापाचं. आपल्या खानाच्या पोटावरून ते खाली उतरणार नाही (खजिनदारसाहेब, राग नसावा). शिवाय बॅगेच्या 23 किलोंपैकी निम्मे आईने भाजणी आणि मेतकुटासाठी आधीच राखून ठेवलेत.

सदाशिव पेठेतल्या माझ्या काकांनी आयुष्यभर हौशी नाटकांची रंगवस्तू सांभाळलीय. त्यांना लिस्टवर घेतलंय. काका, तुम्हीच लिहा.

मिलिंद

---

प्रेषक: मिलिंदचे काका, पुणे

चि. केतकी आणि मंडळी,

आधी एवढं ठरवा, की चिलखत कुणाचं दिसायला हवं आणि कुणाचं नको. 10 नोव्हेंबर 1659 च्या त्या भेटीचं मर्मच हे आहे की महाराजांच्या अंगात चिलखत आहे, हे खानाला कळत नाही. वरून अंगरखा, मंदिलाखाली लोखंडी टोप. मग अख्खं चिलखत करण्यात जीव कशाला काढायचा? गळ्याशी दोन बोटं आणि मनगटाशी चार बोटं जाळी दिसू द्या. वार होतो तिथे, कुशीत, अंगरख्याच्या आतून वीतभर तुकडा टाचून ठेवा आणि वरच्या कापडाची शिवण कच्च्या धाग्याची ठेवा, म्हणजे ओढली की उसवेल. त्या क्षणी विंगेत कुणीतरी माइकजवळ स्टीलच्या ताटावरून लोखंडी साखळी खर्रकन ओढायची. हा आवाज विसरलात तर बाकीची सगळी मेहनत वाया गेली समजा.

आणि खानाला चिलखत द्यायचंच नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहिलंय की तो पातळ मलमलीच्या अंगरख्यात आला होता. तेव्हा खजिनदारांच्या मापाचा प्रश्न मिटला.

आता जाळी. खऱ्या चिलखतात प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली असते आणि तिचं तोंड बारीक रिव्हेट ठोकून बंद केलेलं असतं. तारेने तसं करायला बसलात तर पुढची शिवजयंती उजाडेल. रंगभूमीवरची जुनी युक्ती विणकामाची आहे. जाड सुती दोरा किंवा जाड लोकर घ्यायची, सुया त्याहून जाड, आणि सगळ्या ओळी सुलट विणायच्या. वीण सैल हवी. मंडळात विणणाऱ्या आज्या असतीलच, त्यांना नमुना वगैरे काही सांगायची गरज नाही. विणलेला तुकडा काळ्या रंगात बुडवून पूर्ण वाळवा. मग ब्रश चंदेरी रंगात बुडवायचा, जुन्या पेपरवर पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि विणीवरून हलक्या हाताने फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, खाचा काळ्याच राहतात, आणि पहिल्या रांगेत बसलेल्यालाही कड्या दिसतात. भरपूर रंग लावलात तर ते चंदेरी स्वेटरच दिसणार.

दिसणारं चिलखत हवं सय्यद बंडाला आणि हशमांना. त्यांना चारआईना करा: छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक पत्रा, चारही पट्ट्यांनी बांधलेले, खाली जाळीच्या बाह्या. पत्रे जवळजवळ सपाट असतात, म्हणून घरी करायला याच्याइतकं सोपं चिलखत नाही.

आधी मापं घ्या. माणसाला जुना टीशर्ट घालून वरून चिकटपट्टी गुंडाळायची, पत्र्याचे आकार त्यावरच पेनाने काढायचे आणि मग कात्रीने कापून काढायचे. ते पुठ्ठ्यावर ठेवून पाहा. पन्हळी पुठ्ठा आतल्या नळ्यांच्या दिशेने सुबक वळतो. आडवा वळवलात तर मोडतो आणि ती मोड रंगाखालीही लपत नाही. तेव्हा नळ्या नेहमी उभ्या, डोक्याकडून पायाकडे. दंड वर उचलून बघायला लावा. काखेत टोचत असेल तर दोन बोटं कमी करा. तलवारबाजीत हात खांद्याच्या वर गेला नाही तर सय्यद बंडाचा हात जिवा महाला छाटणार कसा?

शेवटचा माल पुठ्ठ्याचा केलात तरी चालेल. पण मुलांच्या खोलीत अंथरतात ती, तुकडे एकमेकांत अडकवायची फोमची चटई मिळाली तर तीच घ्या. धारदार कटरने कापा. बोथट पात्याने कडा चुरगळतात. गरम हवेने पृष्ठभाग जरासा तुकतुकीत झाला की पातेल्यावर दाबून गोलाई द्या. केस वाळवायच्या यंत्राने होतं, पण वेळ लागतो. फोम गरम असतानाच चमच्याच्या पाठीने टिचक्या दिल्या, की आपल्या तांबट आळीतल्या भांड्यांवर मठाराच्या असतात तशा खुणा उठतात. कडेला सुतळी चिकटवून काठ काढा. रिव्हेटसाठी मसुराची डाळ, सपाट बाजू खाली. मग पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू देऊन. नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो. रंग जाळीसारखाच: आधी काळा, मग कोरडा चंदेरी.

थर्माकोलच्या नादी लागू नका. स्प्रेचा रंग आणि फेव्हिबाँडसारखा गोंद त्याला खाऊन टाकतो. महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदीच आहे, त्यामुळे इथल्या पोरांनाही आता पुठ्ठ्याची सवय झालीय, ते बरंच झालं.

टोप हवेत तर स्टीलच्या पातेल्यावर प्लॅस्टिक ताणून वर पेपरचे तुकडे मैद्याच्या खळीने चिकटवा. एक थर उभा, एक आडवा. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. तुम्ही घालू नका, ते विषारी असतं आणि तुमच्याकडे मुलं हाताळणार.

– काका

---

प्रेषक: खजिनदार (तथा अफझलखान)

काका, साष्टांग नमस्कार. मलमलीचा खर्च मंजूर.

दोन सूचना. हॉलच्या आवारात स्प्रे मारायला परवानगी नाही, तेव्हा रंगकाम कुणाच्या तरी गराजमध्ये, दार उघडं ठेवून. गोंद तापवायचा किंवा फोम घासायचा असेल तर मास्क लावून, आणि मुलं लांब. मिलिंद, लाकडी का असेना, तलवार हातातल्या बॅगेत घेऊ नकोस.

---

प्रेषक: केतकी (नाटक समिती)

काका, खूप खूप आभार! माझ्या सासूबाईंनी सुया बाहेर काढल्यासुद्धा.

मुलांचं काय करू? सगळ्यांना चिलखतच हवंय. एकाची आई म्हणाली, चिलखत नसेल तर तो स्टेजवर जाणार नाही.

---

प्रेषक: मिलिंदचे काका, पुणे

केतकी,

मावळ्याला चिलखत नको. डोंगर चढणारा माणूस तो, अंगावर लोखंड घालून धावेल कसा? मुंडासं, कमरेला घट्ट शेला आणि गुडघ्यापर्यंतची विजार द्या. पोरांना जड वाटणारं काहीतरी हातात हवं असतं, म्हणून प्रत्येकाला ढाल द्या. ती त्यांनीच करायची.

कुंडीखाली ठेवतात ती प्लॅस्टिकची थाळी उपडी घ्या. काळा रंग. पिंगपाँगचे बॉल मधोमध कापले की एकेकाच्या दोन फुल्या (ढालीवरचे गोल उंचवटे) होतात, एका ढालीला चार लागतात. त्या मध्याभोवती चौकोनात बसवायच्या, कडेला नाही. खऱ्या ढालीवर त्या नुसत्या शोभेला नसतात: मागच्या मुठीच्या कड्या जिथून आरपार येतात, ती भोकं त्यांच्याखाली झाकलेली असतात. म्हणून आधी भोकं पाडा, जुन्या दप्तराचे दोन पट्टे आतून बांधा आणि मग फुल्या चिकटवा. पट्ट्यांच्या मध्ये स्पंजची छोटी गादी ठेवा, बोटांची हाडं वाचतात. मिलिंदला केळकर संग्रहालयात पाठवतो. तिथे फोटो काढू दिले तर फोटो, नाहीतर कागद-पेन्सिल घेऊन जाईल.

त्या चिलखतवाल्या पोराला भगव्या झेंड्याची जबाबदारी द्या. झेंडा धरलेला मुलगा सहसा चिलखत मागत नाही.

– काका

---

प्रेषक: मिलिंद

संग्रहालय उद्या. बोहरी आळीतून पितळी बकला आणि कापडी पट्टे घेतोय, तुळशीबागेतून तोड्यांसाठी जर. वजन फार नाही. केतकी, पट्टे एकूण किती मीटर ते गुरुवारपर्यंत कळव, आणि ज्यांना काका हलवायांकडची आंबा बर्फी वगैरे हवी असेल त्यांनी मला वेगळी मेल करा, सगळ्या लिस्टला नको.