मदत हवी आहे : एकच शेत, तीन नकाशे आणि तिन्हींचा हिशेब वेगळा

नमस्कार.

मी बँकेतून निवृत्त झालेला कोल्हापूरकर. करवीर तालुक्यात पंचगंगेकाठच्या एका गावी आमची दोन एकर मळी आहे. सातबाऱ्यावर गटाचे क्षेत्र ०.८१ हेक्टर लागलेले आहे. २०१९ च्या महापुरात तिथला गोठा छपरापर्यंत बुडाला. जनावरे आधी हलवली होती म्हणून वाचली, वैरणीची गंजी मात्र वाहून गेली. आता नवा गोठा शेताच्या वरच्या अंगाला, पाणंदीकडे बांधावा असा विचार आहे. पण हे वरचे अंग खरोखर किती वर आहे आणि पाणंदीकडचा आमचा बांध नेमका कोठून जातो, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतील या समजुतीने गेले दोन महिने मी नकाशे जमवत आहे, आणि जितके जमवले तितका घोळ वाढला आहे.

पहिला नकाशा गावाचा, म्हणजे त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स. कोपऱ्यात ‘१ इंच = २० साखळ्या’ एवढे वाचता येते. खाली मोजपट्टीसारखे काही छापलेले असावे, परंतु प्रत काढताना ते कापले गेले आहे. आमचा गट त्यावर ९ मिलिमीटर लांब आणि ७ मिलिमीटर रुंद भरतो. साखळी ६६ फुटांची असते असे इंटरनेटवर वाचून मी हिशेब मांडला, तर ४६८ फूट बाय ३६४ फूट, म्हणजे जवळजवळ चार एकर आले. घरात क्षणभर आनंदीआनंद झाला. मग भाच्याने सांगितले की आपल्याकडची साखळी ३३ फुटांची. त्या हिशेबाने पुरता एक एकरही भरेना! सातबारा दोन एकर म्हणतो आणि नकाशा एकदा चार म्हणतो, एकदा एक. दोन मात्र कोणत्याच वाटेने येत नाहीत.

दुसरा नकाशा म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे टोपोशीट, क्रमांक ४७ एल/२. हे पत्रक जुने आहे. शेताच्या कोपऱ्यात उभे राहून मी फोनवर अक्षांश-रेखांश घेतले. ते दशांशात होते, म्हणून दशांश भागाला ६० ने गुणून मिनिटे काढली (१६.७० म्हणजे १६ अंश ४२ मिनिटे, एवढे जमते) आणि पट्टीने बिंदू मांडला. पत्रकावर पाणंदीचे वळण आणि विहीर ओळखू येते, त्यामुळे शेत कोठे असायला हवे हे मला ठाऊक आहे. बिंदू तेथून अडीच-तीन मिलिमीटर बाजूला पडला. तीनदा मांडून पाहिला, तिन्ही वेळा तितकाच आणि त्याच दिशेला.

तिसरा घोळ उंचीचा. त्याच पत्रकावर आमच्या शेताच्या एका बाजूने ५४० मीटरची तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) जाते, दुसऱ्या बाजूला बऱ्याच अंतरावर ५६० ची. मधे काहीही नाही. आमचे शेत ५४१ मीटरवर आहे की ५५९ वर, हे कसे ओळखायचे? फोन एक आकडा दाखवतो, पण तो सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो.

जाणकारांनी कृपया सांगावे की यांपैकी कोणत्या नकाशाला काय विचारायचे, आणि मी चुकतो आहे ते नेमके कोठे.

प्रतिसाद १

मी भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक म्हणून नोकरी केली आहे, तेव्हा गावनकाशापुरते बोलतो.

आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी ही इंग्रजी गुंटर साखळी. मुंबई इलाख्यात शंकू-साखळीची जी मोजणी झाली तीत साखळी ३३ फुटांची होती, तिचे सोळा आणे असत आणि एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि तोच आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर ही सोय या साखळीमुळे झाली आहे. लांबी आणि रुंदी साखळ्यांत मोजून गुणाकार केला की उत्तर थेट गुंठ्यांत येते, फुटांकडे वळावेच लागत नाही. २० साखळ्या म्हणजे ६६० फूट, म्हणजे ७,९२० इंच, तेव्हा मूळ नकाशाचे प्रमाण १:७,९२० होते, मैलाला आठ इंच.

मग क्षेत्र अर्धे का भरले? दोन एकर म्हणजे ८० गुंठे. आपला गट १० साखळ्या लांब आणि ८ साखळ्या रुंद असेल, असे त्याच्या आकारावरून वाटते. मूळ नकाशावर तो अर्धा इंच बाय ०.४ इंच, म्हणजे १२.७ आणि १०.२ मिलिमीटर भरायला हवा. आपण ९ आणि ७ मोजले आहेत, म्हणजे सुमारे सत्तर टक्के. ए-३ कागदावरचा मजकूर ए-४ वर घेताना झेरॉक्स यंत्र लांबी ७१ टक्के करते आणि तेवढ्याने क्षेत्र बरोबर निम्मे होते. आपल्या प्रतीचे खरे प्रमाण १:११,२०० च्या आसपास आहे, पण कोपऱ्यातले शब्द मात्र अजून १ इंच = २० साखळ्या असेच म्हणत आहेत. शब्दांत किंवा आकड्यांत लिहिलेले प्रमाण नकाशा लहान-मोठा होताच खोटे पडते. खाली छापलेले रेषाप्रमाण कागदाबरोबरच आखडते, म्हणून ते खरे राहते. नेमके तेच कापले गेले, हे दुर्दैव. झेरॉक्सवाले नेहमी तीच कड कापतात.

हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पाणंदीच्या दोन ठळक वळणांमधले अंतर टेपने मोजा आणि नकाशावरच्या अंतराशी ताडून पाहा.

बांधाचे म्हणाल तर गावनकाशावरून तो काढायला जाऊ नका. आपल्या प्रतीवर अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर साडेपाच मीटर रुंद होते. तेवढ्या जागेवरून गावात डोकी फुटतात. कोणत्या गटाला कोणता गट लागून आहे हे गावनकाशा सांगतो, मापे सांगत नाही. मापे मूळ सर्व्हे नंबरच्या टिपणात आणि पोटहिश्श्यांच्या फाळणी नकाशात असतात. त्यांच्या नकला काढा आणि तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करा. हद्दीच्या खुणा दाखवून मोजणी झाल्यावर जी ‘क’ प्रत मिळते, ती पुढे कामाला येते. मोजणीच्या दिवशी लगतदार हजर राहतील असे पाहा, म्हणजे नंतर कुरबूर कमी होते.

प्रतिसाद २

भूगोलाची शिक्षिका या नात्याने टोपोशीटविषयी लिहिते.

तीनदा मांडूनही बिंदू त्याच दिशेला तितकाच सरकतो, याचा अर्थ आपला हात चुकत नाही. जुनी टोपोशीट्स एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या लंबगोलावर आधारलेली आहेत आणि फोन डब्ल्यूजीएस-८४ हा जगभर वापरला जाणारा नवा आधार वापरतो. पृथ्वीचा आकार दोघांनी वेगवेगळा धरला असल्यामुळे एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्हींत थोडे वेगळे येतात. आपल्या भागात हा फरक शे-दीडशे मीटरचा आहे, आणि १:५०,००० वर तो दोन ते तीन मिलिमीटर होतो. आता हेही पाहा की आपले अख्खे शेत, सुमारे १०० मीटर बाय ८० मीटर, या पत्रकावर २ मिलिमीटर बाय दीड मिलिमीटर आहे. सरक शेताहून मोठी आहे! २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापरासाठी जी खुली मालिका आली ती डब्ल्यूजीएस-८४ वरच आहे. तीत आपल्या पत्रकाचा क्रमांक ई४३एल२ असा आहे. ते मिळवलेत तर फोनचा बिंदू जागेवर पडेल.

क्रमांकाचा विषय निघालाच आहे, तर थोडे विषयांतर. ४७ हे चार अंश लांबी-रुंदीचे मोठे पत्रक, १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश. त्याचे एकेका अंशाचे सोळा तुकडे म्हणजे ए ते पी, आणि प्रत्येक तुकड्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे आणखी सोळा. अक्षरे आणि आकडे दोन्ही वरून खाली उतरतात आणि मग उजवीकडच्या रांगेत जातात. डावीकडून उजवीकडे वाचणारा विद्यार्थी येथे हमखास चुकतो. म्हणून कोल्हापूर एल/२ मध्ये येते, पन्हाळा त्याच्या वरच्या एल/१ मध्ये, आणि पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत निघालेल्यांना ७४ रेखांश ओलांडला की ४७ एच चे पत्रक काढावे लागते.

उंचीच्या बाबतीत मात्र हा नकाशा आपल्या उपयोगाचा नाही. समोच्च रेषांमधले अंतर २० मीटर, म्हणजे साडेपासष्ट फूट. पंचगंगेच्या पुराची पातळी जेथे पट्टीवर मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. म्हणजे पट्टीच्या शून्यापासून महापुरापर्यंतचे सगळे पाणी दोन तपकिरी रेषांच्या मधल्या पांढऱ्या जागेत मावते. डोंगर, घाट आणि पाणलोट समजून घ्यायला ही रेषा उत्तम आहे, पण नदीकाठच्या सपाट मळीत ती मुकी होते. आणखी एक सावधगिरी बाळगा. बंधाऱ्यावरचे फूट त्या पट्टीच्या शून्यापासून मोजलेले असतात आणि नकाशावरचे मीटर समुद्रसपाटीपासून. एकातून दुसरे वजा करू नये. शिवाय वाहत्या नदीच्या पाण्याला उतार असतो, त्यामुळे बंधाऱ्यावरची पातळी आपल्या गावी जशीच्या तशी लागू होत नाही.

प्रतिसाद ३

पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर किंवा विहिरीच्या कठड्यावर २०१९ च्या पाण्याचा डाग असेल तर तो धरा. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून, आतले बुडबुडे काढून, दहा-पंधरा मीटरच्या टप्प्यांनी ती पातळी गोठ्याच्या जागेपर्यंत न्या. आमच्या गावात घरांची जोती याच पद्धतीने ठरवली. मात्र खर्च करण्याआधी पाटबंधारेच्या पूररेषा पाहा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्या मधे जागा येत असेल तर जोते कितीही उंच केले तरी बांधकामाला परवानगी मिळणार नाही.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. रविवारी शेतावर जाऊन आलो.

पाणंदीच्या दोन वळणांमधले अंतर टेपने ४९५ फूट भरले, म्हणजे पंधरा साखळ्या. मूळ नकाशावर ते पाऊण इंच, १९ मिलिमीटर हवे. माझ्या प्रतीवर साडेतेरा आहे. एकाहत्तर टक्के! दोन महिने मी ज्या कोड्यापुढे बसलो होतो ते एका झेरॉक्स यंत्राने घातलेले होते, हे कळून हसावे की रडावे ते समजेना. मोजणीचा अर्ज या आठवड्यात देतो आहे.

नळीचे कामही झाले. मोटारीच्या खोलीवर कडीच्या वर चार बोटे मातकट रेघ आहे. भाचा एका टोकाला आणि मी दुसऱ्या, अशी ती पातळी अकरा टप्प्यांत पाणंदीपर्यंत नेली आणि शहानिशा करण्यासाठी परत आणली. जाऊन-येऊन अर्ध्या इंचाचा फरक पडला. ज्या जागेला घरचे सगळे ‘वरचे अंग’ म्हणतात ती महापुराच्या रेघेपेक्षा एक फूट दहा इंच खाली आहे. म्हणजे २०१९ इतके पाणी आले तर गाईच्या गुडघ्यापर्यंत येईल. अडीच-तीन फुटांचे जोते केले तर निभावेल असे वाटते, पण ते निळ्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर सगळे अडले आहे.

म्हणून आता एकच विचारतो. पूररेषेच्या नकाशावर गटांच्या हद्दी दाखवलेल्या असतात का, की तोही नकाशा गावनकाशाशी मलाच जुळवून घ्यावा लागेल? आणि त्याची प्रत मागताना ती मूळ आकारातच मिळावी यासाठी अर्जात काय लिहावे?