मदत हवी आहे: ‘अचानक गोटी दुखणे’ या पोस्टरसाठी बोलीतले शब्द आणि रात्रीच्या सोयीची माहिती

आयटीआय आणि ज्युनियर कॉलेजच्या पोरांसाठी पोस्टर करतोय. मुख्य मुद्दा वृषणाला (गोटीला) बसणारा पीळ, बहुतेक वेळा १२ ते १८ वयात. शुक्ररज्जू (वृषणाला रक्त पोचवणारी दोरी) पिळला की रक्तपुरवठा तुटतो. ६ तासांत सोडवला तर वृषण बहुधा वाचतं, पुढं शक्यता झपाट्यानं घसरते. खूण: एकाएकी कळ, उलटी, एक गोटी वर चढून आडवी. मांडीच्या आतल्या बाजूनं बोट ओढलं की त्या बाजूची गोटी एरवी वर सरकते. पिळात बहुधा सरकत नाही. लाजेपायी पोरं ‘पोटात दुखतंय’ म्हणतात, आणि ॲसिडिटीच्या गोळीवर रात्र निघून जाते.

गोटी दुखण्याची दुसरी कारणंही असतात. जंतुसंसर्गात दुखणं हळूहळू वाढतं, ताप किंवा लघवीला जळजळ असू शकते. गालफुगीनंतरची (गालगुंडानंतरची) वृषणाची सूज साधारण ४ ते ८ दिवसांनी येते. मुतखडा, अडकलेला हर्निया हेही आहेतच. पण पिळाची शंका असली तर डॉपलरसाठी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) थांबायचं नाही, काही खाऊ-पिऊ द्यायचं नाही, थेट सर्जनकडं.

आता विचारायचं ते:

१. किनवट-माहूरहून नांदेड गाठायलाच तीनेक तास जातात. वाटेत रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोन्ही असलेलं सरकारी रुग्णालय कुठलं? अंबाजोगाई-केज पट्ट्याचंही सांगा.

२. ‘पीळ’ला तुमच्याकडं काय म्हणतात? ‘आंड चढलं’ चालेल, की पोरं नुसती हसतील?