राजगडाला जाताना पेट्रोल किती जाळायचं? सायकल, छोटी गाडी की एसटी

घाटमाथा

पावसाने जरा उघडीप दिली की शनिवारी पहाटे सातारा रस्त्याला राजगड-तोरण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. आत पाहावं तर कितीतरी गाड्यांत एक नाहीतर दोन माणसं. माझं मत स्पष्ट आहे. चार माणसं जमत नसतील तर ट्रेकला गाडी काढू नये, आणि पायथा तीस-चाळीस किलोमीटरच्या आत असेल तर सायकल काढावी.

हिशोब मांडतो. स्वारगेट ते राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे साधारण ६० किमी, जाऊन-येऊन १२०. माझी छोटी हॅचबॅक हायवेला चांगलं अ‍ॅव्हरेज देते, पण नसरापूरजवळ चेलाडी फाट्याला हायवे सोडून आत वळल्यावर गावं, गतिरोधक, मार्गासनीच्या पुढचे चढ हे सगळं धरून १८ पकडा. म्हणजे पावणेसात लिटरच्या आत पेट्रोल, चौघांत माणशी १.७ लिटर. तोच प्रवास कुणी १० चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या मोठ्या गाडीतून एकट्याने केला तर १२ लिटर. सातपट! एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका माणसाला बालेकिल्ला बघून यायला २७ किलोंच्या वर धूर, हे मला पटत नाही.

गाडी न्यायचीच असेल तर निदान नीट चालवा. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा. घरून निघण्याआधी, टायर थंड असताना, त्यातली हवा तपासा. आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकायची सवय कृपा करून सोडा. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोलचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळत राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. पेट्रोलही जास्त आणि धोकाही जास्त.

सायकलचं म्हणाल तर सिंहगडापासून सुरुवात करा. पुण्यातून खडकवासल्यामार्गे आतकरवाडी तिशीच्या आत आहे आणि पायथ्यापर्यंत दमवणारा चढ नाही. गियरची साधी सायकल पुरते.

चालता_बोलता

गाडी भरून न्यावी, इथवर सहमत. सायकलच्या मुद्द्याशी पूर्ण असहमत.

सायकलने मांडीचे पुढचे स्नायू थकतात, आणि गड उतरताना शरीराचा तोल सांभाळतात तेही तेच. गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाज्याची वाट ज्यांनी केली आहे त्यांनी शेवटचा कातळाचा टप्पा आठवावा. रेलिंग आहे, पण पावसाळ्यात खडकाला शेवाळ असतं आणि उतरताना गुडघा जरा लटपटला तर काय होईल ते सांगायला नको. ट्रेकमधले बरेचसे अपघात उतरताना, दमलेल्या पायांनी होतात. त्यात सकाळी ६० किमी सायकल मारून आलेला माणूस दुपारी तिथून उतरणार आणि संध्याकाळी अंधारात ट्रकांच्या बाजूने परत जाणार? लिटर-दोन लिटर पेट्रोलसाठी एवढी जोखीम मी माझ्या ग्रुपमधल्या कुणालाही घेऊ देणार नाही.

घाटमाथा

गुंजवण्याला एका दिवसात सायकलने जाऊन या असं मी म्हटलेलं नाही, चाळिशीच्या आतलं म्हटलंय. राजगडाला सायकलने जायचं तर दोन दिवस हवेत. पहिल्या दिवशी हायवे टाळून खडकवासला, डोणजे, खानापूर करत पाबे घाटाने पलीकडे उतरायचं आणि गावात कुणाच्या घरी मुक्काम करायचा. गड दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी. पाबे घाट दम काढतो, तिथे उतरून सायकल ढकलण्यात काही कमीपणा नाही. परतताना घाट लागायच्या आधी ब्रेकचे पॅड बघा. पावसात, चिखलात ते फार लवकर झिजतात.

दुचाकीवर_दोघं

तुमच्याच हिशोबात बाइक बसवून बघा. ४५ चं अ‍ॅव्हरेज, १२० किमी, २.७ लिटरच्या आत. दोघं बसले तर माणशी १.३ लिटर. भरलेल्या छोट्या गाडीपेक्षाही कमी, आणि पायथ्याला जागाही कमी लागते. मग छोट्या गाडीचं एवढं कौतुक कशाला?

सह्यकन्या

सगळे जण स्वतःच्या वाहनाभोवतीच फिरताय. एसटी कुठे आहे या चर्चेत?

मी वर्षानुवर्षं स्वारगेटहून एसटीने ट्रेक करते. मी बसले काय नि नाही काय, गाडी सुटणारच असते. माझ्या एका सीटने तिचं डिझेल मोजण्याइतकंही वाढत नाही. मार्च २०२३ पासून बायकांना तिकीटही अर्धं आहे. सिंहगडाच्या पायथ्यालाही स्वारगेटहून पीएमपीची ५० नंबरची बस जाते, तिथे सायकल काढायचीही गरज नाही. लोहगडाला तर रेल्वे आहे. लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावातून चालत गायमुख खिंड. ही चाल ट्रेकचाच भाग आहे, आणि सुंदर आहे. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत आला. ज्या गडाच्या पायथ्याशी रेल्वे आहे तिथे लोहगडवाडीपर्यंत गाड्या नेऊन रविवारी घाटात दोन-दोन तास अडकून बसणं मला समजत नाही.

मुंबईकर_ट्रेकर

सह्यकन्या, +१. मध्य रेल्वेवर आमची अख्खी पिढी अशीच डोंगर चढली. माहुलीला आसनगाव, पेबला नेरळ, राजमाचीला कर्जत. स्टेशनापासून पुढे पाय नाहीतर शेअर रिक्षा.

चालता_बोलता

लोहगड, माहुली ही सोयीची उदाहरणं झाली. राजगड-तोरण्याचं बोला. पहिली गाडी चुकली की सकाळ गेली. परतीची शेवटची चुकली की काळोखात फाट्यावर उभं राहायचं. बारा जणांचा ग्रुप, त्यात पहिल्यांदा येणारी चार मुलं, हे सगळं एसटीच्या भरवशावर कसं न्यायचं?

गुंजणमावळकर

मी याच भागातला आहे, म्हणून लिहितो.

रविवारी आमच्या गावात एसटी वळवायला जागा राहत नाही. शाळेसमोर जी मोकळी जागा आहे तिथेच बस मागे घेऊन वळते. तिथे शहरातल्या गाड्या लागल्या की ड्रायव्हर अलीकडेच थांबतो आणि म्हाताऱ्या माणसांना बाजाराचं ओझं घेऊन उरलेली वाट चालावी लागते. त्या जागेत गाडी छोटी लावली काय नि मोठी, बस अडते ती अडतेच. अ‍ॅव्हरेजच्या हिशोबात हे कुठेच दिसत नाही.

पार्किंगचे पैसे काही घरांना मिळतात हे खरं आहे, नाकारत नाही. पण बसने आलेला माणूस चहा घेतो, पिठलं-भाकरी सांगून वर जातो, उतरल्यावर बस येईपर्यंत ओट्यावर बसतो. गाडीवाले बरेचदा डिकीतूनच सगळं आणतात. आणि चालता_बोलता, बारा जण असाल तर चेलाडीहून जीप सांगा. आमच्याच पोरांच्या जीपा आहेत, परतीला तुमच्या वेळेला हजर राहतील.

घाटमाथा

बस वळायच्या जागेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. माझ्याकडून एक ठरवून टाकतो: गाडी असली तरी ती चेलाडी-नसरापूरलाच लावणार, पुढे एसटी नाहीतर जीप. शेवटचे वीसेक किलोमीटर असेच करायचे.

दुचाकीवर_दोघं, तुमचा आकडा बरोबर आहे. कोरड्या दिवसांत बाइकच घ्या. पावसात, पाठीवर सॅक घेतलेला माणूस मागे बसवून ओल्या घाटातून जायला मात्र मी सांगणार नाही.

चालता_बोलता

जीपचं पटलं, पुढच्या ग्रुपला करून बघतो. पण एक प्रश्न उरतोच. माझे वडील पासष्टीचे आहेत, गुडघे दुखतात, राजगड बघायची इच्छा फार आहे. त्यांना ना सायकल जमणार ना गर्दीच्या एसटीत उभं राहणं. त्यांच्यासाठी मी घरापासून पायथ्यापर्यंत गाडीच नेणार, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

गुंजणमावळकर

अवश्य आणा. फक्त गुंजवण्याला नको, पालीच्या बाजूने या. ती राजवाट आहे, पायऱ्या रुंद आहेत, दमादमाने चढतील. आणि मागच्या दोन सीट रिकाम्या असतील तर चेलाडीला थांबा. वेल्ह्याच्या गाडीची वाट बघणारं कुणी ना कुणी तिथे सकाळी सातलाही उभं असतं.