सोसायटीच्या गेटवर पुराचे इशारे मराठीत कसे लिहावेत?

प्रश्न: सिंहगड रस्त्यावर, मुठेकाठी सोसायटी आहे. ग्रुपवर येणारे इशारे, हवामानबदलाची पत्रकं, सगळं इंग्रजीत. वॉचमनकाका आणि कामाला येणाऱ्या मावशींपर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. फलकावर नेमकं काय लिहावं?

उत्तर १: नुसतं ‘ऑरेंज अलर्ट’ लिहू नका, काय करायचं ते लिहा. पिवळा: लक्ष ठेवा. नारंगी: तयारीत राहा. लाल: लगेच हला. त्याखाली कामं: गाड्या तळघरातून बाहेर, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद, पंपाचा मेन स्विच बंद. हे पाणी शिरण्याआधीच. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावला तर जीव जातो, हे ठळक लिहाच.

उत्तर २: खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी, म्हणजे विसर्ग, वेळेसकट लिहा, नाहीतर कालचाच मेसेज फिरत राहतो. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, 35,000 क्युसेक म्हणजे जवळपास 10 लाख लिटर. पण आकड्यापेक्षा खूण लवकर कळते. किती क्युसेकला पाणी गेटपर्यंत येतं, ते लिहून भिंतीवर ऑइलपेंटने रेघ मारा.

उत्तर ३: कारणही एका ओळीत द्या: हवा 1 अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून कमी वेळात जास्त पाऊस कोसळतो. आयपीसीसीचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचे अहवाल मुळात इंग्रजीत येतात. मराठीत आपणच लिहायला हवं. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तोच मजकूर व्हॉइस मेसेजने पाठवा, अर्ध्या मिनिटाच्या आत.