विट्याहून गाडीने एका दिवसात जाऊन येण्याजोग्या सहलींबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या विट्यात राहतो. घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, आम्ही दोघे आणि नववीतला मुलगा असे चौघे आहोत. येत्या थंडीत अधूनमधून एखाद्या रविवारी सकाळी निघून त्याच दिवशी परतता येईल अशा सहली आखायच्या आहेत. गाडी मीच चालवते. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असल्यामुळे त्या सपाटीवर काठी घेऊन सावकाश चालतात आणि कठड्याचा आधार असेल तर दहा-पंधरा पायऱ्या चढतात, त्याहून अधिक नाही.

दुसरी अडचण रस्त्याची आहे. कडेगाव, कुंडल, पलूस या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात. त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो की रिफ्लेक्टर नसतो, आणि समोरच्या वाहनाचा प्रकाश डोळ्यांवर आला की ती ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही. त्यामुळे दिवस मावळायच्या आत विट्यात पोचता येईल एवढाच पल्ला मी धरते आहे.

जवळ म्हणून पहिला विचार सागरेश्वर आणि देवराष्ट्रे यांचा आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मघर मुलाला दाखवायचे आहे, आणि उघड्या डोंगरांवर झाडे लावून, कुंपण घालून, हरणे आणून सोडून माणसांनी उभे केलेले अभयारण्य त्याने पाहावे अशीही इच्छा आहे. अभयारण्यात खासगी गाडी कुठपर्यंत नेऊ देतात आणि खालच्या जुन्या देवळांच्या समूहापर्यंत सासूबाईंना नेणे शक्य आहे का, हे अलीकडे जाऊन आलेल्या कोणी सांगितले तर बरे होईल.

सातारा जिल्ह्यातल्या औंधबाबत मात्र मन सर्वांत जास्त अडकले आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत, हेन्री मूर यांचे शिल्प आहे, आणि एवढा ऐवज आपल्या इतक्या जवळ असताना आपण मुलांना तो न दाखवता मॉलमध्ये नेतो याचे मला नवल वाटते. शंका दोन आहेत. संग्रहालयाच्या दारापर्यंत गाडी जाते का, आणि आतल्या दालनांतून फिरताना म्हाताऱ्या माणसाला मध्येच टेकायला बाक आहेत का? डोंगरावरच्या यमाईच्या मंदिराकडे गाडी जिथे थांबते तिथून पुढे किती पायऱ्या उरतात, तेही कळवावे. पायऱ्या फार असतील तर सासूबाई गावातच थांबतील, त्यांची त्याला हरकत नाही. जाताना मायणीच्या तलावाजवळ थांबून रोहित पक्षी पाहायचे आहेत, पण ते पाण्याच्या पातळीवर अवलंबून असल्यामुळे निघण्याआधी चौकशी कोणाकडे करावी?

तासगावचा गणपती आणि औदुंबर एका दिवसात सहज होतील असे वाटते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधायला घेतलेल्या तासगावच्या देवळाचे सात मजली गोपुर तर रस्त्यावरूनही दिसते. औदुंबरला दत्तमंदिराशी उतरण्याची सोय कशी आहे एवढेच विचारायचे आहे.

खरा मतभेद खिद्रापूरवरून आहे. यजमानांचे म्हणणे, कोपेश्वराचे मंदिर सपाटीवर आहे, स्वर्गमंडपाचे ते अठ्ठेचाळीस खांब आणि वरचे उघडे गोल छत पाहायला चढउतार करावी लागत नाही, तेव्हा नरसोबाची वाडी करून तिकडेच जावे. मला सांगलीतली गर्दी, वाडीतली रविवारची रांग आणि परतीचा उसाचा रस्ता या तिन्हींची धास्ती वाटते. वाडी वगळून थेट खिद्रापूर गाठले तर चार वाजता परतीला लागता येईल का? कास पठाराचा विषय मी आधीच बाजूला ठेवला आहे, कारण तिथला बहर पावसाळ्याच्या अखेरीचा आणि आमचे दिवस थंडीचे.

जेवणाचा डबा आम्ही घरूनच नेऊ. मात्र या मार्गांवर कमोड असलेले, स्वच्छ आणि रविवारी उघडे असणारे शौचालय नेमके कुठे आहे, पेट्रोल पंपावर असो वा हॉटेलात, हे अवश्य लिहावे. सासूबाई त्या धास्तीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि निम्म्या सहली त्यापायीच रद्द होतात.