मदत हवी आहे: वाडीवर रेंज नाही, मग लॉगिन कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यासाठी रुग्णनोंदीचं अ‍ॅप बनवतोय. बीपी, शुगर, गरोदर बायका आणि पावसाळ्यात तापाचे पेशंट. भातलावणीत लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) धास्ती असतेच. नोंदी आशाताई घरोघरी जाऊन करणार.

ओटीपी ठेवला तर वाडीत रेंज नाही, वीज गेली की टॉवरही झोपतो. पासवर्ड ठेवला तर तो मोबाईलच्या कव्हरमागे चिठ्ठीवर सापडणार, हे मी आत्ताच लिहून देतो! म्हणून नोंदी फोनमध्येच एन्क्रिप्ट (चावीशिवाय वाचता येणार नाहीत अशा) करायच्या, वर पिन, रेंज मिळाली की सिंक. पण चार आकडी पिनपासूनच चावी बनवली तर एकूण शक्यता १०,००० च; फोन चोरीला गेला की खेळ खलास. अँड्रॉइडच्या कीस्टोअरमध्ये (फोनमधल्या चाव्यांच्या तिजोरीत) चावी ठेवून कुणी हे केलंय का? स्वस्तातल्या जुन्या फोनवर चालतं?

दुसरं, एखाद्या आजीकडे आभाचा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) १४ आकडी नंबर आहे, पण त्याला जोडलेला मोबाईल मुंबईतल्या मुलाकडे. संमती आजीची हवी, ओटीपी मुलाला जातो. तिथे काय करता?

आणि टीबीची नोंद शेजारच्याच आशाताईंना दिसावी का? इथे सगळेच एकमेकांचे नातेवाईक. फक्त भेटीची तारीख दाखवावी असं मला वाटतं. अनुभवी लोकांनी सांगा.